आत्याच्या गळ्यात दुसरीच बाई

मागच्या महिन्यात बारामतीतल्या एका कॉलेजातून फोन आला. ग्रामीण भागात राहून चित्रपट निर्मिती संस्था कशी उभी केली, यावर मुलांशी बोलाल का, आणि त्याआधी कंपनीचा इतिहास एका पानात लिहून पाठवाल का, असं तिथल्या मॅडमनी विचारलं. मी लगेच हो म्हणालो. कौतुकाला नाही म्हणायची मला सवय नाही.

पान लिहायला अर्धा तास लागला. आधी स्टँडच्या मागच्या गल्लीत लग्नाच्या शूटिंगचं दुकान. मग ड्रोन घेतला. मग कंपनी रजिस्टर केली, शिक्का केला, लेटरहेड छापलं. मग स्थानिक कलाकारांना घेऊन एक पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट. सध्या लग्नं, जाहिराती, शाळांची स्नेहसंमेलनं. पान वाचून पाहिलं. एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी वाचताना माझे कान गरम झाले. 'स्थानिक कलाकार' या दोन शब्दांत मी माझ्या सख्ख्या आत्याला गुंडाळून टाकलं होतं. ते पान अजून पाठवलेलं नाही. आधी हे लिहितो.

दुकान आम्ही दोघांनी टाकलं. भागीदार लासुर्ण्याचा, घरी ऊस, पण त्याला उसापेक्षा कॅमेऱ्याचा नाद जास्त. मी इंदापूरकडचा. पुण्याला बी.कॉम. करताना होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी 'हितं पाणी न्हाय का?' असं विचारलं आणि अख्खी खोली हसली. पुढं वर्षभर मला बघितलं की कुणीतरी 'हितं न्हाय, तितं हाय' म्हणायचं. दुसऱ्या वर्षापर्यंत मी जीभ धुऊन काढली. गावी आल्यावरही 'इथे' आणि 'नाही' म्हणायला लागलो. आई गप्प ऐकून घ्यायची. आत्या मात्र तोंडावर म्हणायची, "आलं पुण्याचं पाव्हणं. आता ह्यांना च्या कपातनं द्या, बशीतनं न्हाय." मला तेव्हा तिचा राग यायचा.

लग्नाच्या धंद्याची एक रीत आहे. शूटिंगमध्ये आवाज आपोआप येतो, पण तो कुणालाच नको असतो. मट्ठा संपला म्हणून चिडलेला पाहुणा, भटजींना घाई करणारा मामा, पाठवणीच्या वेळी मुलीच्या कानात काहीतरी सांगणारी आई, हे सगळं काढून टाकायचं आणि वर गाणं चढवायचं. 'आवाज काढ, गाणं टाक' हे आमच्या दुकानात दिवसातून दहा वेळा म्हटलं जायचं. दुसरी रीत अशी की गिऱ्हाइकानं पेनड्राइव्ह नेला की दोन महिन्यांनी त्याची हार्ड डिस्क पुसून मोकळी करायची, कारण पुढच्या तिथीची लग्नं कुठं ठेवणार? या दोन रीतींवर आमचं दुकान चाललं, आणि चांगलं चाललं. त्यांनीच माझं तोंड काळं केलं असं म्हणणं सोपं आहे. पण रीतीला हात नसतात. बटण मी दाबलं.

सिनेमाची हौस दोघांनाही होती. गोष्ट मी लिहिली होती. मुलगा गाव सोडून निघतो आणि आई त्याला कॅनॉलच्या काठावर शेवटचं भेटते, एवढाच तिचा गाभा. आईच्या कामासाठी आम्ही बारामतीतल्या नाटकात कामं करणाऱ्या दोन बाया बघितल्या. दोघी पहिल्या वाक्याला रडायला लागल्या. तिथून निघालो तो निमगाव केतकीचा आठवडे बाजार लागला, आणि बाजाराच्या ह्या टोकाला गाडी लावताना त्या टोकाचा आवाज कानावर आला. "कवळी मेथी घ्या! आत्ता उपटल्याली हाय!" भागीदारानं विचारलं, "कोण रे ही?" मी म्हणालो, "माझी आत्या."

आत्या स्वतःच्या वीस गुंठ्यांत मेथी, शेपू, मिरची करायची आणि बाजारात स्वतः बसून विकायची. आवाज जाडाभरडा, थोडा घोगरा, पण लांबवर पोचणारा. तिच्या शेजारी बसणाऱ्या बाया ओरडायच्याच नाहीत. आत्या ओरडली की गिऱ्हाईक त्या ओळीत यायचं आणि सगळ्यांचंच विकायचं. सिनेमाचं विचारलं तर ती म्हणाली, "मला नटायचं असंल तर न्हाय जमायचं. बोलायचं असंल तर बोलते."

कळंबजवळ कॅनॉलवर शूटिंग झालं. पहिल्याच शॉटला आत्यानं पलीकडच्या काठावरच्या मुलाला हाक मारली आणि दोन शेतं सोडून उसाला पाणी देत दारं धरणारा एक माणूस खोरं टाकून पळत आला. "काय झालं? कोण बुडालं?" भागीदार पोट धरून हसला. आत्याही हसली, पण त्या माणसाला तिनं बसवून चहा पाजला, उगीच पळवलं म्हणून.

मग निरोपाचं वाक्य आलं. मी लिहिलं होतं, "जा बाळा, पण आईला विसरू नकोस." आत्यानं कागद बघितला नाही, तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं तर माझ्याकडं बघतच राहिली. "आसं कोण बोलतं का रं? पोरगं निघालंय, त्याला आजून भ्या घालायचं व्हय?" मी म्हणालो, मग तू काय म्हणशील? कॅमेरा चालूच होता. ती पलीकडं बघून म्हणाली, "जायचं तर जा. पर जाताना म्हशीला सांगून जा. ती वाट बघत बसती. मी न्हाय बघत."

भागीदारानं कॅमेऱ्यावरचा डोळा काढून तिच्याकडं बघितलं. सिनेमात असं एकदा जरी झालं तरी पुरे, एवढं मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते. न कळून केलं असतं तर बरं झालं असतं.

सिनेमा तयार झाल्यावर पुण्याच्या एका साहेबांना दाखवला. ते सिनेमे विकत घेऊन थिएटरांना आणि मोबाइलवरच्या कंपन्यांना पुढं विकायचे. त्यांनी कॉफी मागवली, सिनेमा बघितला आणि म्हणाले, "चित्र छान आहे. पण आईचा आवाज फार राकट आहे हो. आणि भाषा गावाकडची आहे, पण गावाकडची वाटत नाही. प्रेक्षकाच्या कानाला ग्रामीण भाषेची एक सवय असते. माझ्या ओळखीची एक डबिंग करणारी बाई आहे, ती हे फार गोड करते. आईचं सगळं तिच्याकडून घ्या, मग बघू."

मी हो म्हणालो. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. भागीदारानं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला, तरी मी त्याच्याकडं बघितलं नाही. खरं कारण सांगतो. 'राकट' म्हटल्यावर मला होस्टेलची ती खोली आठवली आणि आपल्यालाच पुन्हा कुणीतरी हसतंय असं वाटलं. तो आवाज माझ्या घरचा आहे हे मी त्या साहेबांना सांगितलंच नव्हतं. 'एक भाजी विकणारी बाई सापडली,' असं म्हणालो होतो.

डबिंगवाली बाई खरंच सराईत होती. एका दुपारीत सगळं उरकलं. "जा रं माज्या लेकरा, पर या आईला इसरू नगंस," असं ती गळा दाटून म्हणाली. आत्याचं तोंड पलीकडं होतं, ओठ दिसत नव्हते, त्यामुळं ते खपून गेलं. म्हशीचं वाक्य त्या गोड आवाजात नीट बसेना, शिवाय साहेबांना ते विनोदी वाटत होतं. मी म्हणालो, जाऊ द्या. आवाज काढला, आवाज टाकला.

आत्याला मी काही बोललो नाही. विचारायचं माझ्या मनात आलंच नाही असं लिहिणार होतो, पण आलं होतं. निमगावला गाडी नेली, तिच्या घरचं पिठलं खाल्लं आणि फक्त तारीख सांगून परत आलो.

बारामतीच्या थिएटरात सकाळचा खेळ मिळाला. आत्या बाजारातल्या बारा-पंधरा बायांना टेम्पोत घालून घेऊन आली. नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, हातात माझ्यासाठी नारळ. मी तिला पुढच्या रांगेत बसवलं आणि शेजारी बसलो. पडद्यावर ती आली तशा बायांनी टाळ्या वाजवल्या. मग पडद्यावरची आत्या बोलली आणि टाळ्या थांबल्या.

अंधारात एक बाई हळूच म्हणाली, "आगं, ही कोण बोलती?" दुसरी फिसकन हसली. आत्या वळली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माझ्या गळ्यात कोण बसलंय रं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या, नारळ डोक्यात घातला असता आणि विषय संपला असता. मी म्हणालो, "आत्या, ते मशीनमध्ये आवाज बदलतो. मोठा स्पीकर असतो ना, त्यामुळं तसं वाटतं."

ती "व्हय का?" म्हणाली आणि पुढं बघायला लागली. शिकलेला भाचा सांगतोय म्हटल्यावर तिनं शंकाच घेतली नाही. बाहेर आल्यावर तिनं नारळ माझ्या हातात दिला. कॅनॉलवरचं ते वाक्य कुठं गेलं, हे तिनं विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

पुढं मला कळलं की बाजारात बाया तिला चिडवायला लागल्या. "ये नटी, त्या ग्वाड आवाजात मेथी इक की!" आत्या त्यांना ठासून सांगायची, "आगं, मशीनीत बदलतो आवाज. तुमाला काय कळतंय? माझ्या भाच्याची कंपनी हाय." ती माझी बाजू घेऊन भांडायची. हे मला तिच्याच सुनेनं हसत हसत सांगितलं आणि मीही तिच्याबरोबर हसलो.

साहेबांनी सिनेमा घेतला नाही. आधी पुढच्या महिन्यात बघू म्हणाले, मग फोन उचलायचे बंद झाले. बारामती आणि इंदापूर मिळून आठ-दहा खेळ झाले असतील. तेवढ्यात लग्नसराई आली. सिनेमाचं सगळं कच्चं शूटिंग दोन मोठ्या हार्ड डिस्कवर होतं, कॅनॉलवरचा आत्याचा मूळ आवाज आणि साहेबांना दाखवलेली पहिली प्रतही त्यातच. एकाच तिथीवर सात लग्नं होती. भागीदार म्हणाला, "नवीन डिस्क घेऊ." मी म्हणालो, "कशाला? पूर्ण झालेला सिनेमा आहे की वेगळा. ह्या मोकळ्या कर." तो करेना म्हणून मीच केल्या.

दोन वर्षं गेली. आत्याच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन करावं लागलं. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे, आवाजाची खात्री नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आत्या वाचली, चांगली हिंडती-फिरती झाली, पण आवाज गेला तो गेलाच. आता ती नुसती कुजबुजते. बाजारात तिच्या जागेवर बसते, मेथी मांडते आणि गप्प राहते. शेजारणी ओरडतात, गिऱ्हाईक त्यांच्याकडं वळतं. ज्यांना तिनं वर्षानुवर्षं गिऱ्हाईक आणून दिलं त्या वाईट नाहीत, त्या तिच्यासाठीही ओरडतात, पण आधी स्वतःची पाटी रिकामी करतात. आत्याची अर्धी मेथी सुकून घरी येते.

गेल्या दिवाळीत मी फराळाला गेलो होतो. तिची नात नुकतीच बोलायला लागली होती. ती आत्याच्या मांडीवर बसून प्रत्येक गोष्ट आत्याच्या कानात सांगत होती, कारण आजी तशीच बोलते, म्हणून आजीशी तसंच बोलायचं असतं असं त्या पोरीला वाटतं. आत्यानं मला जवळ बोलावलं. तिचं बोलणं ऐकायला वाकावं लागतं.

"आरं, ह्या पोरीला वाटतंय मी जल्मापासनं आशीच हाय," ती म्हणाली. "त्या मशीनीत माझा आवाज बदललाय न्हवं? मग मशीनीत मूळचा आसंल की. त्यो काढून दे मला. हिला ऐकिवते."

माझ्या हातात करंजी होती. ती मी तशीच धरून बसलो. "बघतो," म्हणालो.

आणि खरंच बघितलं, तिला तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून. दुकानात तीन दिवस सगळ्या डिस्क, जुनी कार्डं, मोडका लॅपटॉप, सगळं उपसलं. पुसलेलं परत काढणाऱ्या एका माणसाकडं दोन्ही डिस्क नेल्या. तो म्हणाला, पुसल्यानंतर यावर इतक्या लग्नांचं शूटिंग चढलंय की खाली काही उरलेलं नाही. शेवटी मला आठवलं की आत्याच्या मुलीचं लग्न आम्हीच शूट केलं होतं. तिच्या सासरी जाऊन तो पेनड्राइव्ह लावला. पाठवणीच्या वेळी आत्या मुलीच्या गळ्यात पडून काहीतरी सांगत होती, हात हलवत होती, मध्येच हसली. वर सनई आणि गाणं. ओठ हलत होते, शब्द एकही नाही. तो व्हिडिओ मी स्वतः एडिट केला होता.

मी निमगावला गेलो आणि सगळं सांगितलं. डबिंगवाली बाई, पुण्याचे साहेब, भाजी विकणारी बाई सापडली असं म्हणालो होतो ते, स्पीकरची थाप, पुसलेल्या डिस्क. सांगताना मी जमिनीकडं बघत होतो. वाटलं, आता ही आवाजासाठी रडेल. तिनं हातातल्या मेथीची मुळं तोडली. मग म्हणाली, "म्हंजी मी बाजारात खोटं बोलले की रं. येवढ्या बायांपुढं."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचा आवाज मी नेला, एवढाच गुन्हा मी कबूल करायला आलो होतो. माप आणि शब्द या दोनच गोष्टींवर बाजारात बसलेल्या बाईला मी खोटं पाडलं होतं, आणि ते खोटं ती माझ्यासाठी भांडून भांडून बोलली होती.

"येत्या बाजाराला ये," ती म्हणाली. "आन तूच सांग. मला तर ओरडता येत न्हाय."

मी गेलो. भागीदार म्हणाला, मी पण येतो, मी म्हणालो नको. आत्याच्या पोत्यावर तिच्या शेजारी उकिडवा बसलो. बाया जमल्या होत्या, भाच्याला बघून खुशीत होत्या. आत्यानं कोपरानं ढोसलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "तुम्हा सर्वांना एक गोष्ट सांगायची आहे. सिनेमामध्ये जो आवाज आहे तो आत्याचा नाही. आत्याला मी खोटं सांगितलं होतं. चूक माझी आहे."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कोथिंबीरवाल्या म्हातारीनं विचारलं, "काय म्हणतोय ह्यो? निवडणुकीचं हाय का काय?" आत्यानं माझ्या शर्टाला हिसका दिला. मी वाकलो. ती कुजबुजली, "आपल्या बोलीत सांग की. आन म्हशीचं बी सांग. कॅनॉलवर मी काय म्हणले व्हते ते. त्यांनी कुठं ऐकलंय?"

मी सरळ उभा राहिलो. छाती भरून श्वास घेतला, कारण बाजाराच्या त्या टोकापर्यंत पोचवायचं होतं. "बायांनो, त्यो आवाज माज्या आत्याचा न्हवता! म्या तिच्या गळ्यात दुसरीच बाई बसिवली! माजी आत्या आसं म्हणली व्हती, जायाचं तर जा रं लेकरा, पर जाताना म्हशीला सांगून जा! ती वाट बगत बसती, मी न्हाय बगत!"

माझ्याच कानांवर ते पडलं आणि मी थांबलो. 'लेकरा' आत्या म्हणालीच नव्हती. ते माझ्या तोंडात कुठून आलं, हे मला चांगलं माहीत होतं. मग कोथिंबीरवाली म्हातारी तोंडाला पदर लावून हसत म्हणाली, "आगं, ह्यो बी त्या सिनेमातल्या बाईवाणीच बोलतोय की!"

सगळ्या हसल्या. आत्याही हसली, आवाज न करता, नुसते खांदे हलले. मग तिनं माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं आणि मेथीच्या जुड्या बांधायला माझ्यापुढं सारल्या.